इंजिन बदललं, आता पॉवर स्टिअरिंगचे पाईप कसे जुळवायचे

इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, वायरिंगचा गुंता सुटला, पहिल्यांदा स्टार्ट झालं तेव्हा दोन मिनिटं नाचून पण झालं. आणि मग खाली वाकून बघितलं तर नव्या इंजिनाच्या पॉवर स्टिअरिंग पंपाचं तोंड एकीकडे आणि जुन्या गाडीच्या स्टिअरिंग बॉक्सचं तोंड भलतीकडे, पंपाचे आटे वेगळे, बॉक्सचे वेगळे, जुना पाईप वीतभर आखूड पडतोय आणि इंजिनासोबत आलेला पाईप थेट एक्झॉस्टवर जाऊन टेकतोय. स्वॅप करणारा जवळजवळ प्रत्येकजण इथे अडकतो, कारण माउंट आणि वायरिंगवर महिने घालवतात आणि पाईपचं काय ते शेवटी बघू म्हणतात. मीही तेच केलं होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. प्रेशरचा पाईप करताना दोन्ही टोकं कंपनीची ठेवा, म्हणजे पंपाकडचं टोक नव्या इंजिनाच्या पाईपचं आणि बॉक्स किंवा रॅककडचं (चाकं वळवणाऱ्या यंत्रणेचे हे दोन प्रकार) टोक तुमच्या जुन्या गाडीच्या पाईपचं, आणि मधला रबरी भाग तेवढा नवीन टाका, तोही पॉवर स्टिअरिंगसाठीच बनवलेला. बाकी सगळे मार्ग चालतात, मी स्वतः वापरलेत, पण प्रत्येकाला काही ना काही खोड आहे.

आधी कुठल्या पाईपात काय चालतं ते बघू. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये साधारण तीन पाईप असतात. टाकीतून पंपाकडे येणारा सक्शनचा, जाडसर आणि बिनदाबाचा, टाकी पंपावरच बसवलेली असेल तर हा नसतोच. पंपातून बॉक्सकडे जाणारा प्रेशरचा. आणि बॉक्समधून टाकीकडे परत येणारा रिटर्नचा, वाटेत कधी कूलर असतो कधी नसतो. प्रेशरच्या पाईपात सरळ रस्त्यावर चालवताना फारसा दाब नसतो, पण उभ्या गाडीत स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की दाब ७० ते १०० बारपर्यंत चढतो, म्हणजे हजार ते दीड हजार पीएसआय, काही गाड्यांत त्याहून जास्त. ट्रकच्या टायरमध्ये जेवढी हवा भरतो त्याच्या दहापट वगैरे समजा. रिटर्नला याच्या मानाने काहीच नाही. म्हणून रिटर्नला जे चालतं ते प्रेशरला अजिबात चालत नाही, आणि रिटर्नचा पाईप प्रेशरला लावून 'बघू टिकतो का' असं करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा की फुटल्यावर तेल उडतं ते बऱ्याचदा तापलेल्या एक्झॉस्टवर, आणि हे तेल पेटतं.

आटे मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. व्हर्निअर कॅलिपर आणि आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचा गेज, दोन्ही हवेत, एकाने भागत नाही.

उदाहरण घ्या. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या जीएमच्या सॅगिनॉ बॉक्सला एक तोंड ५/८-१८ (५/८ इंच व्यास, इंचाला १८ आटे) आणि दुसरं ११/१६-१८ असतं, दोन्ही इनव्हर्टेड फ्लेअर, म्हणजे नळीचं फुलवलेलं टोक तोंडातल्या शंकूवर दाबून सील होतं. पुढे १९८० च्या आसपास तेच बॉक्स मेट्रिक झाले, १६ आणि १८ मिलिमीटर, पिच १.५, आणि सीलिंग ओ-रिंगवर. जीएमच्याच नव्या एलएस व्ही८ इंजिनाच्या पंपाचं प्रेशरचं तोंडही १६ बाय १.५ ओ-रिंगचं. आता ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिलिमीटर. १६ च्या आणि याच्यामध्ये फरक किती, एका केसाचा. पिच बघा, इंचाला १८ आटे म्हणजे १.४१ मिलिमीटर, आणि समोर १.५. तर ५/८ चा नट १६ च्या तोंडात घातला की तो हाताने मस्त फिरतो, दोन फेरे, तीन फेरे, आणि मग जड होतो. इथेच माणूस फसतो. आपल्याला वाटतं आटे घाण आहेत, थोडं तेल टाकू, पाना लावू. पाना लावला की तो अजून एक-दीड फेरा जातो सुद्धा, आणि बाहेर काढल्यावर आट्यांवर चंदेरी चमकणारी बारीक तार निघालेली दिसते. ती तार म्हणजे तुमच्या पंपाचे आटे. मी ही तार चिमटीत धरून बघितलेली आहे त्यामुळे सांगतोय, नट हाताने पूर्ण तळापर्यंत फिरत नसेल तर थांबा, पाना उचलू नका.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. ११/१६ म्हणजे १७.४६ मिलिमीटर, तो १८ च्या तोंडात डुगडुगत जातो, टाईटही झाल्यासारखा वाटतो, पण आटे टोकाटोकाला धरलेले असतात आणि दाब चढला की सटकतो. तसंच ९/१६-१८, म्हणजे एएन ६ (विमानांच्या फिटिंगवरून आलेलं माप) चे आटे, १४.२९ मिलिमीटर, आणि बऱ्याच जपानी गाड्यांचा बॅन्जो, म्हणजे तेल जाणारा पोकळ, बोल्ट १४ बाय १.५. हे दोघेही एकमेकांच्या अंगाला जवळ जातात. म्हणून व्यास आणि पिच दोन्ही मोजायचे, कागदावर लिहायचे, आणि तो कागद बॉनेटच्या आत चिकटवून ठेवायचा, खरंच, सहा महिन्यांनी परत लागतो.

आटे कळले की सीलिंग कशावर होतंय ते बघा. टॉर्च मारून तोंडाच्या आत डोकवा. तळाला बाहेरच्या दिशेने आलेला छोटा शंकू दिसला तर इनव्हर्टेड फ्लेअर. आत शंकू नाही, गुळगुळीत भोक आणि तोंडाच्या कडेला उतार, तर ओ-रिंग. बाहेरून सपाट मशीन केलेला चेहरा आणि त्यावर गोल डोळा असलेलं टोक बसत असेल तर बॅन्जो, त्याला डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर, तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि हे वॉशर प्रत्येक वेळी नवीन. जुना वॉशर दाबून दाबून कडक झालेला असतो, तो परत बसत नाही, आणि मग माणूस बोल्ट अजून आवळतो आणि पोकळ बोल्ट तुटतो.

फ्लेअरमध्ये पण दोन जाती आहेत, ४५ अंशाचा एसएईचा (अमेरिकन वाहन-मानकांचा) आणि ३७ अंशाचा एएन किंवा जेआयसीचा. आठ अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, टाईट पण होतो, पण दोन शंकू पूर्ण अंगाने न टेकता एका रेषेवर टेकतात आणि मग कायमचं पाझरतं. कितीही आवळा, पाझरतंच. आणि इथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. फ्लेअर आणि ओ-रिंगमध्ये आट्यांवर सील होतच नाही, त्यामुळे टेपचा उपयोग शून्य, वर तिचा एखादा तुकडा तुटून बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये गेला की स्टिअरिंग एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागायला लागतं आणि तुम्ही आठवडाभर अलाइनमेंट तपासत बसता.

ओ-रिंग बदलताना नायट्राइल रबराची घ्या, खूप गरम जागा असेल तर एचएनबीआर किंवा व्हिटॉन. ब्रेकवाली ईपीडीएमची घेतली तर ती या तेलात फुगते. हाच नियम पाईपलाही लागू आहे, पुढे रिटर्नमध्ये येईल.

पंपाच्या तोंडावरचा मोठा नट उघडू नका

हे वेगळं सांगतोय कारण यात लोक हमखास चुकतात. सॅगिनॉ पद्धतीच्या पंपांना जिथे प्रेशरचा पाईप लागतो तिथे दोन नट दिसतात, एक पाईपचा छोटा आणि त्याच्यामागे पंपाच्या अंगात बसलेला मोठा. मोठा फिरवला की आतली स्प्रिंग आणि फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह हातात येतात, आणि मग कुठून काय आलं म्हणत बसावं लागतं. त्या मोठ्या फिटिंगमध्ये एक बारीक भोक असतं, किती तेल बाहेर जायचं ते त्यावर ठरतं. अडॅप्टर घेताना तो छोट्या नटाच्या जागी बसणारा घ्या. मोठी फिटिंगच बदलणारा घेतला आणि त्याचं भोक मोठं असलं तर स्टिअरिंग इतकं हलकं होतं की हायवेवर शिंकलात तरी गाडी लेन बदलेल.

प्रेशरचा पाईप, तीन मार्ग

पहिला मार्ग अडॅप्टरचा. एका बाजूला तुमच्या पाईपचे आटे, दुसऱ्या बाजूला पंपाचे, मध्ये छोटा स्टीलचा तुकडा. पाईपची लांबी आणि दिशा जुळत असेल तर हा सगळ्यात सोपा आहे आणि एक अडॅप्टर असेल तर काही हरकत नाही. पण मी असं पण बघितलंय की पंपावर एक अडॅप्टर, त्यावर कोपरा, त्यावर दुसरा अडॅप्टर, मग पाईप. प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक नवीन जागा आणि वर इंजिनाच्या थरथरीने तो सगळा मनोरा पंपाच्या तोंडाला हलवत राहतो. एकापेक्षा जास्त लागत असेल तर सरळ पाईप बनवा. आणि अडॅप्टर स्टीलचाच. पितळेचे, ते पाण्याच्या नळाला लावतात तसले कॉम्प्रेशनवाले, प्रेशरला अजिबात नको.

दुसरा मार्ग एएन ६ चा, म्हणजे आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची जाळी, आणि पुन्हा वापरता येणारी टोकं, जी घरच्या घरी पान्याने बसवता येतात. दिसायला एक नंबर. माझ्या पहिल्या स्वॅपला मी हेच केलं होतं, काळे निळे फिटिंग वगैरे, बॉनेट उघडला की लोक बघत राहायचे. दाब सोसायला पण भक्कम, त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्याच दिवशी गाडी पार्क करायला स्टिअरिंग फिरवलं आणि आवाज आला, म्हैस हंबरते ना तसा, खालून, लांबलचक. मला वाटलं हवा राहिली. हवा काढली. परत तोच. मग वाटलं पंप गेला, पंप बदलला. परत तोच आवाज, फक्त म्हैस जरा तरुण. शेवटी कंटाळून जुन्या कंपनीच्या पाईपचा रबरी भाग चिरला, आत काय असतं बघू म्हणून, आणि आतून एक लवचीक, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी निघाली, रबराच्या आत अजून एक नळी. तिथे डोक्यात प्रकाश पडला.

त्याचं असं आहे. पंपाच्या आत पाती असतात, प्रत्येक पातं तेलाचा एकेक ढोस पुढे ढकलतं, त्यामुळे तेल सलग न जाता ठेक्यात जातं. कंपनीचा रबरी पाईप मुद्दाम असा बनवतात की दाबाच्या प्रत्येक ठोक्याला तो किंचित फुगावा आणि तो ठोका पोटात घ्यावा, बऱ्याच गाड्यांत आतली ती नळी उरलेला आवाज मारते. टेफ्लॉन आणि स्टीलची जाळी फुगत नाही. मग पंपाचा प्रत्येक ठोका सरळ बॉक्सला, बॉक्सवरून चेसीला, चेसीवरून तुमच्या कानाला. क्रेन आणि ट्रॅक्टरचा स्टीलच्या जाळीचा हायड्रॉलिक पाईप लावला तरी हेच होतं. दाबाच्या हिशोबाने तो गरजेपेक्षा जास्तच भारी, ३/८ चा एका जाळीचा पाईप १८० बारला चालतो, दोन जाळीचा ३३० ला, पण ताठ. शिवाय त्या साध्या पाईपची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस आणि एक्झॉस्टशेजारी तेल त्याच्यापुढे सहज जातं. प्रत्येक गाडीत आवाज येतोच असं नाही, लांब पाईप आणि रबरी माउंट असलेल्या गाडीत काही वेळा चालून जातं. शर्यतीच्या गाडीत कोणाला पडलंय. रोज चालवायची असेल तर मात्र डोकं उठतं.

तिसरा मार्ग तोच, वर सांगितलेला, अर्धा-अर्धा पाईप. हायड्रॉलिक होज बनवून देणाऱ्याकडे दोन्ही जुने पाईप घेऊन जायचं, तो जुन्या टोकांवरची रबराची कॉलर कापून काढतो, स्टीलच्या नळीला नवीन शेपूट ब्रेझिंगने (पितळी डाग देऊन) जोडतो आणि मध्ये नवीन होज टाकून क्रिम्प करतो, म्हणजे धातूची कॉलर मशीनने दाबून बसवतो. होजवर काय छापलंय ते वाचा. एसएई जे१८८ म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर होज, मुद्दाम फुगणाऱ्या जातीचा, आणि जे२०५० म्हणजे जास्त तापमानाचा. रिटर्नला जे१८९. बनवणारा म्हणेल हा दुसरा होज घ्या, याच्या दुप्पट ताकदीचा आहे, तेव्हा नम्रपणे नको म्हणा, आपल्याला ताकद नकोय, फुगणं हवंय. आतली ती आवाजवाली नळी शाबूत निघाली तर ती परत बसवता येईल का विचारा, काहीजण बसवतात. नाही बसली तरी जे१८८ चा होज पुरेसा लांब ठेवला की बराच फरक पडतो. माझ्या गाडीत पडला. म्हैस गेली.

टोकं कापायच्या आधी स्टीलची नळी सरळ किती उरतेय बघा, दोन बोटं तरी सरळ भाग हवा नाहीतर ब्रेझिंग आणि क्रिम्पचं तोंड बसत नाही. नळीचा बाक बदलायचा असेल तर रबर काढल्यावर ट्यूब बेंडरने बदला, गुडघ्यावर नाही, आणि एकाच जागी दोनदा वाकवू नका.

लांबी आणि टोकांची दिशा

पाईप बनवायला टाकण्याआधी गाडीवर नमुना करा. मी जाडसर वेल्डिंगची तार घेतो, तिला पाईपच्या वाटेने वाकवतो, आणि त्यावर साधा रबरी पाईप चढवतो, म्हणजे जाडी पण कळते. वाट ठरवताना एक्झॉस्टपासून निदान चार बोटं लांब, शक्यच नसेल तर मध्ये पत्रा आणि पाईपवर उष्णतारोधक बाही. पट्टा, पुली, पंखा, स्टिअरिंगचा शाफ्ट आणि त्याचा युनिव्हर्सल जॉइंट यांच्या वाटेत काही नको. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक वर-खाली करून बघा.

इंजिन हलतं हे विसरू नका. रबरी माउंटवर बसलेलं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एका बाजूला उचलतं, आणि बॉक्स तर चेसीला बोल्ट केलेला. म्हणजे पाईपचं एक टोक नाचतं आणि दुसरं गप्प बसतं. मधला रबरी भाग ते नाचणं झेलण्यासाठी पण असतो, म्हणून पंप ते बॉक्स अख्खी स्टीलची नळी टाकायची आयडिया कितीही नीटनेटकी वाटली तरी ती कधी ना कधी नटाच्या मागे तडकते. दाब आल्यावर होज किंचित आखडतो सुद्धा, म्हणून ताणलेला नको, थोडी ढील ठेवा. आणि बाक अगदी टोकाशी नको, क्रिम्पच्या कॉलरपासून होज आधी थोडा सरळ जाऊ द्या मग वळवा. होज किती वळू शकतो ते बनवणाऱ्याला विचारा, ताठ जातीच्या ३/८ होजला १३० मिलिमीटर त्रिज्या लागते, म्हणजे ताटाएवढा गोल, जुन्या गाडीच्या अडचणीत तेवढी जागा कुठून आणणार.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, दोन टोकांचा एकमेकांशी कोन. दोन्ही टोकं वाकडी असतील तर क्रिम्प झाल्यावर ती फिरत नाहीत. लांबी बरोबर पण कोन चुकला तर पाईप बसवताना पिळावा लागतो आणि पिळलेला होज दाब आला की सरळ व्हायला बघतो आणि नट ढिले करतो. म्हणून मी असं करतो की दोन्ही टोकं गाडीवर हाताने टाईट करतो, मध्ये नवीन होज नुसता सरकवतो, आणि मार्करने टोकापासून होजवर एक सलग रेघ मारतो, दोन्हीकडे. क्रिम्प करणाऱ्याला सांगतो की रेघ रेघेला जुळली पाहिजे. होज कुठपर्यंत आत गेलाय त्याचीही आडवी खूण. एवढं केलं की दुसरी चक्कर पडत नाही.

रिटर्न आणि सक्शन

रिटर्न सोपा आहे म्हणून लोक काहीही लावतात. हीटरचा पाईप लावू नका, तो ईपीडीएमचा असतो, पाण्याला उत्तम, तेलाला निकामी. महिनाभरात मऊ होतो, क्लिपखालून फुगून बाहेर येतो, बोट दाबलं तर खड्डा पडतो. पॉवर स्टिअरिंग रिटर्नचा किंवा ट्रान्समिशन ऑइल कूलरचा होज घ्या. साईज बारीक करू नका, रिटर्नमध्ये अडथळा आला तर मागे दाब साचतो. नळीच्या टोकाला उभार कडा हवी म्हणजे क्लिप तिच्यामागे बसते, नुसत्या गुळगुळीत नळीवर पाईप कधीतरी निसटतो. क्लिप गुळगुळीत पट्टीची, इंजेक्शन पाईपला असते तशी, भोकं पाडलेली जुनी स्क्रूवाली रबर कापते. गाडीला हायड्रोबूस्ट ब्रेक (पॉवर स्टिअरिंगच्याच तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर त्याचा रिटर्न टाकीला वेगळा न्या, स्टिअरिंगच्या रिटर्नमध्ये बारीक टी टाकून घुसवला आणि मागे दाब आला तर ब्रेक आपोआप धरून बसतात.

सक्शनला पाईप जाड हवा, साधारण १६ ते १९ मिलिमीटर आतून, छोटा आणि बिना मुडपलेला. टाकी पंपाच्या वर. स्वॅपमध्ये जागा नाही म्हणून टाकी लांब फेंडरवर नेतात आणि सक्शनला बारीक पाईप लावतात, मग पंप तेल ओढायला धडपडतो, चिरका आवाज काढतो आणि तेलात फेस होतो. रिटर्न टाकीत तेलाच्या पातळीखाली उतरला पाहिजे, वरून धबधब्यासारखा पडला तर तोच फेस.

मूळ गाडीत कूलर होता तर तो ठेवाच, मोठ्या इंजिनाची उष्णता जास्त. नसेल तर रिटर्नच्या वाटेत एक छोटा बसवा. आणि रिटर्नमध्येच एक लहान फिल्टर टाका, नवीन पाईपच्या कापाकापीचा कचरा पहिल्या काही दिवसांत त्यातच अडकतो.

पंप आणि रॅकचं जुळतं का

पाईप जुळले म्हणजे स्वभाव जुळला असं नाही. साधारण हिशोब असा की तेल किती येतं त्यावर स्टिअरिंग किती चपळ आणि हलकं लागतं ते ठरतं, आणि दाब किती येतो त्यावर शेवटी जोर किती मिळतो ते. जुन्या बॉक्ससाठी बनवलेला पंप मिनिटाला ११ लिटरच्या आसपास देतो, बऱ्याच रॅकना साडेसात पुरतं. मोठ्या इंजिनाचा पंप छोट्या रॅकला लावला की मधोमध काही जाणवतच नाही, गाडी पोहते. अशा वेळी पंपाच्या फिटिंगमध्ये बारीक भोकाचा इन्सर्ट टाकतात, तेल कमी होतं, आणि बहुतेकदा एवढ्यावर काम होतं. दाब कमी करायला रिलीफ व्हॉल्व्हखाली (दाब फार चढला की उघडतो तो) वॉशर टाकायचा उद्योग नंतर, आणि गेज लावूनच. उलट बाजूने, छोट्या गाडीचा पंप जड गाडीच्या बॉक्सला लावला तर पार्किंगला हात भरून येतात.

पंपाला जागाच नसेल तर इलेक्ट्रिक-हायड्रॉलिक पंप हा पर्याय आहे, टोयोटा एमआर२ च्या दुसऱ्या पिढीत आणि ओपेल अ‍ॅस्ट्रा जीमध्ये असे होते. पाईपचं काम थोडंफार तेच, पण वायर जाड, फ्यूज मोठा, अल्टरनेटर दमदार पाहिजे.

तेल भरणं आणि हवा काढणं

तेल पंप आणि बॉक्स दोघांना चालेल असं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), काहींना साधं पॉवर स्टिअरिंग ऑइल, युरोपियन बऱ्याच गाड्यांना हिरवं सिंथेटिक सीएचएफ, होंडाला तिचं स्वतःचं. दोन वेगवेगळ्या घरातले पार्ट एकत्र आलेत म्हणून दोघांचं मॅन्युअल बघा, आणि मिसळू नका. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सगळे सील खराब होतात.

पाईप बसवण्याआधी आतून स्वच्छ सॉल्व्हंट आणि हवेने फुंका. मग पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. इंजिन बंद. टाकी भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, वीस वेळा तरी, मध्ये मध्ये टाकीत बघत, तेल खाली गेलं की भरत. कंटाळवाणं आहे पण हे केलं की निम्मी हवा पंप न रडता निघून जाते. माझ्याकडून एकदा घाईत हे राहिलं आणि सरळ इंजिन चालू केलं, टाकीतून गुलाबी फेस उसळून अख्ख्या एक्झॉस्टवर सांडला, नशीब एक्झॉस्ट थंड होता. टाकीतले बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून आयडलवर परत तेच, आणि टोकाला नेऊन धरून ठेवू नका, पाच सेकंदांच्या आत सोडा, तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल भराभर तापतं. तेल दुधाळ दिसलं तर इंजिन बंद करून तासभर राहू द्या, बुडबुडे आपले आपण वर येतात.

गळती शोधायला हात फिरवायचा नाही. बारीक छिद्रातून १०० बारने निघालेलं तेल कातडीतून आत शिरतं, दिसायला टाचणी टोचल्यासारखं, पण ती सर्जनकडे न्यायची केस असते. पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळून फिरवा, डाग पडला की जागा कळली. आवळायचं असेल तर इंजिन बंद करून. एकाने आत बसून स्टिअरिंग टोकाला क्षणभर न्यायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, चष्मा घालून.

सगळं कोरडं दिसलं तरी पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर खाली परत एकदा जा. फ्लेअरचे नट तपासा, बॅन्जोच्या खाली ओल आहे का बघा, आणि पाईपवर कुठे घासून चमकणारा पट्टा उमटलाय का तेही बघा. माझ्या आत्ताच्या गाडीत असा पट्टा अँटी-रोल बारच्या ब्रॅकेटजवळ दिसला होता, नखाएवढा, रबर नुकतंच पांढरट पडायला लागलेलं. पाईप एक बोट वर उचलून रबर लावलेल्या पी-क्लिपने बांधला, आणि आता दर ऑइल बदलीला टॉर्च मारून तेवढी जागा बघतो.